शिळेवरील नावे

यवतमाळ जिल्ह्यातील मुलांना वर्धा ठाऊक असते, पैनगंगा ठाऊक असते. समुद्र मात्र बहुतेकांनी चित्रातच पाहिलेला असतो. म्हणून समुद्रापलीकडे लढलेल्या सैनिकांच्या आठवणी जेथे जपल्या आहेत अशा एखाद्या युद्धसंग्रहालयात ती सहलीला गेली, आणि तोफा-रणगाड्यांभोवतीच घोटाळत राहिली, तर त्यात नवल नाही. अहिल्यानगर येथे १९९४ साली उघडलेल्या रणगाडा-संग्रहालयात इंग्रज, जर्मन, जपानी अशा नाना बनावटींचे रणगाडे आहेत. ते अजस्र लोखंड पाहून मोठी माणसेही थक्क होतात. तथापि माझे मत असे की, अशा ठिकाणी लोखंड थोडे पाहावे आणि नावे अधिक वाचावीत.

नावाची किंमत काय असते ते बसऱ्याचे स्मारक सांगते. पहिल्या महायुद्धात हजारो हिंदी सैनिक मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढले. कूत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ पर्यंत चाललेल्या वेढ्यात मराठा पलटणीही अडकल्या होत्या. पुढे बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर इंग्रज शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक नुसती संख्या! मेलेल्यांतही हा भेद केला गेला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली ती २०२१ साली. आईने ठेवलेले नाव आकड्यात बुडवणे हा लहान अन्याय नव्हे.

आता ज्याचे नाव उरले, अशा एका तरुणाची हकीकत ऐका. नाईक यशवंत घाडगे हे रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. दुसऱ्या महायुद्धात ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतून इटलीत लढत होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. घाडगे यांच्याखेरीज तुकडीतील सर्व जण ठार वा जखमी झाले. ते एकटेच पुढे धावले. त्यांनी हातबॉम्ब फेकून मशीनगन निकामी केली, एकास गोळी घातली, आणि काडतुसे भरण्यास वेळ उरला नाही तेव्हा बंदुकीच्या दस्त्यानेच उरलेल्या दोघांना लोळविले. इतक्यात शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. पदक घरी आले. देह कधीच सापडला नाही. इटलीतील कासिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे, माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली मोंतोने या इटालियन गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक छायाघड्याळ उभारले. ‘सर्व जण एकाच सूर्याखाली’ अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यासाठी निवडले गेले.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “गुरुजी, ते युद्ध तर इंग्रजांचे! आपल्यावर राज्य करणाऱ्यांसाठी जे लढले, त्यांना वंदन कशासाठी?” हा प्रश्न उद्धटपणाचा समजून दडपून टाकणे मला मान्य नाही. १९३९ साली हिंदुस्थानला युद्धात ओढताना सरकारने येथील लोकांना विचारले नव्हते, हे खरेच आहे. शिवाय यवतमाळच्या मुलांना हा प्रश्न विचारण्याचा विशेष अधिकार आहे. १० जुलै १९३० रोजी, म्हणजे घाडगे पडले त्याच तारखेला, परंतु चौदा वर्षे आधी, वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून सरकारचा कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला. एकाच सरकारचा कायदा एकाने मोडला व त्याच सरकारचा गणवेश दुसऱ्याने घातला. मग मान कोणाला द्यावा?

मला विचाराल तर दोघांनाही. सैनिकाचा मान निराळा आणि त्याला पाठविणाऱ्या सरकारचा मान निराळा. फौजेत कोणी पोटासाठी गेले, कोणी घराण्याच्या रीतीप्रमाणे, कोणी साहसाच्या ओढीने. साम्राज्य टिकावे म्हणून गेलेले विरळाच असतील. ज्या इटलीत ते लढले, तेथील लोकांची नाझी फौजांच्या जाचातून सुटका झाली, हेही विसरता येत नाही. दुसऱ्यांना मुक्त करणारा हा तरुण स्वतः मात्र परतंत्र देशाचा नागरिक होता. ही गोष्ट अवघड आहे, आणि ती अवघड आहे असेच मुलांना सांगितले पाहिजे. संग्रहालयातील फलक ती सांगत नाहीत. ते काम शिक्षकांचे व पालकांचे.

अहिल्यानगर दूर आहे, कासिनो तर फारच दूर. सर्व शाळांना तेथवर जाणे जमणार नाही. परंतु १० जुलैला शाळा भरलेली असते. त्या दिवशी वर्गातील फळ्यावर अणे व घाडगे ही दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहावीत, आणि मुलांना जे वाद घालावयाचे असतील ते मोकळेपणी घालू द्यावेत.