पाच सामने बरोबर सांगणारा माणूस

झोप लागत नाही, डोके दुखते, जेवण जात नाही. पंचविशीतला एखादा तरुण या तक्रारी घेऊन सरकारी दवाखान्यात येतो तेव्हा त्याचा रक्तदाब मोजला जातो, रक्त तपासायला जाते, खर्रा खातो का, दारू घेतो का, हेही विचारले जाते. सोबत आलेली आई सांगते, "रात्रभर मोबाइलच पाहून राहते हो साहेब." डॉक्टर मोबाइल कमी करायला सांगतात, चार गोळ्या लिहून देतात आणि पुढच्या रुग्णाला हाक मारतात. मोबाइलवर तो नेमके काय पाहतो, हा प्रश्न मात्र राहून जातो. यवतमाळ असो, पुसद असो की वणी, तो प्रश्न विचारला तर बरेचदा एकच उत्तर निघेल: आजचा सामना कोण जिंकणार, हे सांगणारे संदेश.

असे संदेश पाठवणारे कसे काम करतात, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. समजा एखाद्याने आठशे जणांचा मोबाइल नंबर मिळवला. पहिल्या सामन्याआधी तो चारशे जणांना कळवतो की मुंबई जिंकणार, आणि उरलेल्या चारशे जणांना कळवतो की चेन्नई जिंकणार. सामना झाला. ज्यांना चूक भाकीत गेले त्यांना तो विसरतो. उरलेल्या चारशेंचे पुन्हा दोन भाग. मग दोनशे, शंभर, पन्नास. पाच सामने झाल्यावर पंचवीस माणसे अशी उरतात, ज्यांनी या गृहस्थाची पाचपैकी पाच भाकिते डोळ्यांसमोर खरी ठरलेली पाहिली आहेत. त्यांनी कोणाचे ऐकून नव्हे, स्वतः पडताळून पाहिलेले असते. सहाव्या सामन्याच्या 'पक्क्या खबरी'साठी हे पंचवीस जण दोन-पाच हजार रुपये देतात, आणि त्या खबरीवर त्याच्या कितीतरी पट रक्कम लावतात. पाठवणाऱ्याला क्रिकेटमधले ओ की ठो कळण्याची गरज नसते.

२०१० च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीतल्या मत्स्यालयातल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसने आठपैकी आठ निकाल बरोबर 'सांगितले' होते. नाणे आठ वेळा उडवून आठही वेळा बरोबर ओळखण्याची शक्यता २५६ मध्ये एक. अद्भुत वाटते. पण त्याच वर्षी सिंगापूरच्या मणी नावाच्या पोपटाने अंतिम सामन्यात नेदरलँड्सची चिठ्ठी उचलली आणि जिंकले स्पेन. पॉल सगळ्यांना आठवतो, मणी कोणाला आठवत नाही. भाकिताचा बाजार याच विस्मरणावर चालतो.

सामन्याचा विजेता ओळखण्याचा धंदा जगात सर्वांत शास्त्रशुद्ध कुठे झाला असेल तर अमेरिकन फुटबॉलमध्ये. लांबट चेंडूच्या त्या व्यावसायिक स्पर्धेत ३२ संघ आहेत आणि प्रत्येक संघ नियमित हंगामात १७ सामने खेळतो, साधारण आठवड्याला एक. दोन सामन्यांमध्ये आठवडाभर वेळ असल्याने प्रत्येक खेळाडूच्या दुखापतीची, हवामानाची, मागच्या सामन्यांच्या आकड्यांची चिरफाड होते. वर्तमानपत्रांतले जाणकार, संगणकाची प्रारूपे, कार्यालयातले सहकारी, सगळेच दर आठवड्याला विजेते सांगतात. एवढे करूनही ज्या संघाचे पारडे जड समजले जाते तो साधारण तीनपैकी दोन सामनेच जिंकतो. तिसरा सामना सगळ्यांना तोंडघशी पाडतो.

तीनपैकी दोन बरोबर येत असतील तर पैसा का मिळू नये? कारण पैज घेणाऱ्यालाही तेच माहीत असते. तो बलाढ्य संघावर आधीच काही गुणांचा बोजा टाकतो. म्हणजे नुसते जिंकून भागत नाही, ठरवलेल्या फरकाने जिंकावे लागते. त्यामुळे पैज पुन्हा निम्म्या-निम्म्या शक्यतेवर येते. वर तिथे शंभर डॉलर जिंकण्यासाठी ११० डॉलर लावावे लागतात. या हिशेबात नुसते बरोबरीत राहायचे तरी शंभरपैकी ५२ हून थोड्या जास्त पैजा जिंकाव्या लागतात. आयुष्यभर हेच काम करणाऱ्यांनाही ते सातत्याने जमणे कठीण जाते.

आपल्याकडच्या बुकीचे 'लगाई-खाई' यापेक्षा वेगळे नाही. समजा तुल्यबळ संघांच्या सामन्यात शंभर लावले आणि जिंकल्यास वर नव्वद मिळाले. दहा सामन्यांत पाच जिंकले, पाच हरले. आलेले ४५०, गेलेले ५००. म्हणजे निम्मी भाकिते बरोबर येऊनही पन्नास रुपये खिशातून गेले. हे चुकीमुळे घडले नाही, भावातच ते बसवलेले होते. शिवाय आयपीएलचे सामने कमालीचे बेभरवशाचे असतात. २०२४ चा विजेता कोलकाता २०२५ मध्ये आठव्या स्थानावर राहिला. पाच वेळा अजिंक्य ठरलेला चेन्नईचा संघ त्याच वर्षी दहापैकी दहावा आला. आणि जो संघ सतरा हंगामांत एकदाही करंडक उचलू शकला नव्हता, त्या बंगळूरूने तो उचलला. हे भाकीत खात्रीने सांगितले होते असे म्हणणारे आता पुष्कळ भेटतील.

इथपर्यंत गणित झाले. पण गणित समजावून सांगितल्याने कोणाचा सट्टा सुटला, असा अनुभव वैद्यकशास्त्राला नाही. तंबाखूच्या पुडीवरचे चित्र पाहून जितके लोक तंबाखू सोडतात, साधारण तितकेच. कारण हा मामला मेंदूच्या दुसऱ्या भागात घडतो.

वोल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली माकडांवरचे निरीक्षण प्रसिद्ध केले. बक्षीस नक्की मिळणार किंवा नक्की मिळणार नाही हे ठाऊक असताना, वाट पाहण्याच्या काळात डोपामिन स्रवणाऱ्या पेशी शांत असत. मिळेल की नाही याची शक्यता अगदी निम्मी-निम्मी असे तेव्हा त्या पेशींची हालचाल वाढत जाई आणि सर्वाधिक असे. म्हणजे मेंदूला चेतवते ती अनिश्चितता. तुल्यबळ संघांचा शेवटचे षटक बाकी असलेला सामना म्हणजे नेमकी हीच अवस्था. केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले की थोडक्यात हुकलेल्या डावाने मेंदूतला जो भाग जागा होतो, तो जिंकल्यावरही जागा होतो. एका चेंडूने हरलेला माणूस 'हरलो' असे मानत नाही, 'जवळपास जिंकलोच होतो' असे मानतो आणि पुढच्या सामन्याला दुप्पट लावतो.

याहून ठोस पुरावा औषधांच्या दुष्परिणामांतून मिळाला. कंपवाताच्या काही रुग्णांना डोपामिनसारखे काम करणारी प्रामिपेक्सोलसारखी औषधे दिली जातात. अमेरिका आणि कॅनडातील ३,०९० रुग्णांच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाच टक्के रुग्णांत जुगाराची अनावर ओढ आढळली, आणि अशी औषधे घेणाऱ्यांत मनावरचा ताबा सुटण्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते. आयुष्यात पत्त्यांना हात न लावलेली माणसे औषध सुरू झाल्यावर जुगारी झाल्याचे आणि डोस कमी केल्यावर पूर्ववत झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. एका गोळीने येणारी आणि तीच गोळी कमी केल्याने जाणारी गोष्ट निव्वळ चारित्र्याचा दोष कशी असेल? (घरात कंपवाताचा रुग्ण असेल तर हे वाचून औषध परस्पर बंद करू नये, डॉक्टरांशी बोलावे.) अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये जुगाराच्या विकाराला दारू आणि अफूच्या व्यसनांसोबत एकाच प्रकरणात बसवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही तो व्यसनांच्या वर्गात आहे.

यवतमाळला हा विषय नवा नाही आणि परका तर मुळीच नाही. मुंबईतला मटका सुरू झाला तोच कापसावर. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारेने मुंबईत येत आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढणे सुरू झाले. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तेवढे राहिले. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीकडे अक्षय्य तृतीयेनंतर अख्ख्या वऱ्हाडाचे कान लागलेले असतात. पाऊस येणार का, बोंडअळी पडणार का, भाव मिळणार का, या तीन अनिश्चिततांवर कोरडवाहू शेतकरी दरवर्षी घरदार लावतो. अशा माणसाच्या मुलाला, पाच महिन्यांऐवजी साडेतीन तासांत निकाल लावणारी अनिश्चितता मोहक वाटली, यात नवल काय? शेतीच्या जुगारात निदान हातात कापूस येतो. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. एका हंगामात सट्ट्यावर गेलेले चाळीस हजार म्हणजे पाच क्विंटल कापूस. कोरडवाहू एकराचे वर्षाचे पीक साधारण तेवढेच असते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद त्याने निकालात काढला. पैसे लावून खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाख, खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. सुमारे ४५ कोटी लोकांचे वर्षाला वीस हजार कोटी रुपये या खेळांत जातात, असा अंदाज सरकारने त्या वेळी मांडला होता. कायदा योग्य आहे. ज्या खेळाडूंना मुले देव मानतात तेच 'संघ बनवा, करोडपती व्हा' सांगत होते, ते निदान थांबले. पण दुकान बंद झाल्याने गिऱ्हाइकाची ओढ संपत नाही, हे दारूबंदी असलेल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्याने यवतमाळकरांना कधीच शिकवले आहे. ॲप गेले, बुकी राहिला, परदेशी संकेतस्थळे राहिली, आणि भाकीत विकणारेही राहिले. कायद्याने खेळणाऱ्याला गुन्हेगार मानले नाही. मग त्याच्यासाठी उपचाराचे दार कुठे आहे, हे सांगणे आरोग्य खात्याचे काम ठरते, आणि त्या बाजूने हालचाल फारच थोडी आहे.

सुरुवात स्वस्तात होऊ शकते. केसपेपरवर तंबाखू आणि दारूची नोंद होते, तिथेच दोन प्रश्न वाढवावेत. जास्त, आणखी जास्त पैसे लावावेत अशी ओढ कधी वाटली का? किती लावता याबद्दल जवळच्या माणसांशी खोटे बोलावे लागले का? एका जरी प्रश्नाचे उत्तर 'हो' आले तरी पुढची तपासणी हवी. ही दोन प्रश्नांची चाचणी जगभर वापरली जाते आणि तिला अर्धा मिनिटही लागत नाही. गर्दीचे कारण इथे चालणार नाही. झोपेच्या गोळीची चिठ्ठी लिहायला याहून जास्त वेळ लागतो.

घरच्यांकडून होणारी एक चूक फार महाग पडते. मुलाचे कर्ज कळले की बाप शेत गहाण टाकून किंवा दागिने मोडून ते एका दमात फेडतो आणि त्याच्याकडून देवासमोर शपथ घेतो. शपथ त्या क्षणी खरी असते. पण पाटी कोरी झाल्याने पुन्हा उसने मिळू लागते. त्यापेक्षा कोणाचे किती देणे आहे याची पूर्ण यादी त्याच्याकडून लिहून घ्यावी, देणे हप्त्याने आणि घरच्यांच्या हातून जावे, मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय काही महिने बंद ठेवावी. विनापरवाना सावकार दारात येत असेल तर राज्यात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे आणि सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते. मारझोड, कोंडून ठेवणे, 'लग्न करून दिले की सुधारेल' हे तिन्ही उपाय निरुपयोगी आहेत. शेवटचा तर आणखी एका घराला ओढून आत घेतो.

उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक विचारांची साखळी तोडायला शिकवतात, सोबतच्या नैराश्यावर औषधे देतात, काही रुग्णांत ओढ कमी करणारे औषधही उपयोगी पडते. नैराश्याकडे दुर्लक्ष नको. कर्ज लपवून एकटा पडलेला सट्टेबाज आत्महत्येच्या दृष्टीने सर्वाधिक धोक्याच्या रुग्णांपैकी असतो, आणि या जिल्ह्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. तो 'आता सगळं मिटवून टाकतो' असे बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात आणावे. कीटकनाशकाचे डबे घरातून हलवावेत. १४४१६ हा 'टेलिमानस'चा निःशुल्क क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो आणि मराठीत बोलता येते. फोन रुग्णानेच केला पाहिजे असे नाही. आई करू शकते, बायको करू शकते, ज्याच्याकडून त्याने तिसऱ्यांदा पैसे मागितले तो मित्रही करू शकतो.

आयपीएलचा हंगाम साधारण मार्चच्या अखेरीस सुरू होतो. कापसाचे शेवटचे पैसेही घरात त्याच सुमारास आलेले असतात.