कौल कुणाचा?

जानेवारी २०२२. गोव्यात विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेले आणि निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली. २०१९ मध्ये पक्षाच्या १५ पैकी १० आमदारांनी एका झटक्यात भाजपची वाट धरली होती. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून प्यायचे, तसा हा प्रकार.

१४ सप्टेंबर २०२२ रोजी ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. शपथेचे काय, असे विचारल्यावर त्यांच्यातले माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी सांगितले की, आपण पुन्हा देवळात जाऊन देवाला विचारले आणि देवाने योग्य वाटेल ते करायला सांगितले.

या उत्तराची पुष्कळ टिंगल झाली. गोमंतकात देवाचा कौल घेण्याची रीत जुनी आहे. तिला हसण्याचे कारण नाही. घोटाळा दुसरीकडे आहे. त्या शपथेत देव साक्षीदार होता. कर्ज माफ होईल का, हे कुणी सावकाराला सोडून कागदावरच्या साक्षीदाराला विचारत नाही. शब्द दिला होता मतदाराला, आणि त्या शब्दावर मत देऊन बसला होता तोच.

पक्षनिष्ठेची शपथ जन्मभर बांधते, असे मात्र नाही. पक्षानेच आपली भूमिका सोडली, तर त्याच्यामागे फरफटत जाण्यात कसली नीती? संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतल्या शपथेत आमदार निष्ठा वाहतो ती संविधानाला. पक्षाचे नावही तिथे नाही. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांसह काँग्रेसच्या मंत्र्यांनी ब्रिटिश सम्राटाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली होती. पण पूर्ण स्वराज्य हेच काँग्रेसचे ध्येय आहे, हे शपथ देणाऱ्या गव्हर्नरालाही ठाऊक होते. त्यात कुणाची फसवणूक झाली नाही. गोव्यातल्या मतदाराला अशी कल्पना कुणी दिली होती?

पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीला हा प्रश्न पडत नाही. विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश सदस्य विलीनीकरणाला राजी असले की अपात्रता टळते. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे किमान आठ. हिशेब चोख होता.

मन बदलले तर करायचे काय, याचे उत्तर गोव्यातच सापडते. मार्च २०१७ मध्ये विश्वजित राणे काँग्रेसच्या तिकिटावर वाळपईतून निवडून आले आणि काही दिवसांतच त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला. पुढे भाजपच्या सरकारात मंत्रिपदही पदरात पडले, तेव्हा हा त्याग वगैरे नव्हता. पण ऑगस्टमध्ये ते भाजपचे उमेदवार म्हणून त्याच मतदारांपुढे पुन्हा उभे राहिले. वाळपईने त्यांना निवडून दिले.