चाळणी बारीक, पण कोणत्या दुर्बिणीला?



नॅरोबँड फिल्टरवरचे गेल्या अंकातले पत्र ‘तीन नॅनोमीटरचा घ्या, बाकी विसरा’ असे सांगून मोकळे झाले. हा निकाल बजबजच्या गच्चीवर नेऊन पाहावा. हुगळीकाठी तेलाच्या टाक्या, औष्णिक वीजकेंद्र आणि ईशान्येला अख्ख्या कोलकात्याचा उजेड!

सोडियम दिव्यांचा मुख्य पिवळा प्रकाश 589 नॅनोमीटरजवळचा. एच-अल्फाचे सात आणि तीन नॅनोमीटरचे, दोन्ही फिल्टर तो अडवतात. पांढरे एलईडी मात्र वर्णपटभर सांडतात. तिथे तीनचा फिल्टर पार्श्वभूमी निम्म्याहून खाली आणतो. इथवर पत्रलेखकाचे खरे.

पण दुर्बीण एफ/2 असेल तर? कडेचे किरण सुमारे 14 अंश तिरके येतात आणि त्यांच्यापुरती फिल्टरची खिडकी निळ्याकडे चारेक नॅनोमीटर सरकते. मग 656.3 ची एच-अल्फा रेषाच बाहेर राहते. अशा दुर्बिणीला खिडकी आधीच सरकवून बनवलेला फिल्टर लागतो. त्याचा पत्रात उल्लेखही नाही. शिवाय सातचा फिल्टर 658.3 वरचा नायट्रोजनही आत घेतो, आणि हेलिक्ससारख्या ग्रहीय तेजोमेघात तो भरपूर असतो. त्याला दोष म्हणायचे की कमाई?

चांदण्याचेही तसेच. पौर्णिमेच्या आसपास एच-अल्फा निभावते, 500.7 च्या ऑक्सिजनसाठी अंधाऱ्या रात्री राखून ठेवलेल्या बऱ्या.

कृत्तिकांभोवतीची निळसर धूसरता तर ताऱ्यांचा परावर्तित प्रकाश आहे. तिथे तीन काय नि सात काय, फिल्टर काढून डबीतच ठेवावा.

— एक वाचक, बजबज