शर्यतीचे गणित: सूत्र तोंडपाठ, तरी उत्तर का चुकते?

पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण आणि लेखी परीक्षेला १०० गुण असतात. पहाटे १६०० मीटर धावण्याचा सराव करणारा उमेदवार दुपारी अभ्यासिकेत वेग, अंतर, वेळेच्या गणितापाशी अडतो. धावणे ज्याच्या अंगात मुरले आहे, त्यालाच धावण्याचे गणित अवघड जावे, हे विचित्रच. दोष शिकवण्याच्या क्रमात आहे. आधी ट्रिक पाठ करून घेतात, शर्यत डोळ्यांसमोर आणायला कुणी सांगत नाही.

हा नेहमीचा प्रश्न पाहा. १०० मीटरच्या शर्यतीत अमितने सुमितला १० मीटरने हरवले. दुसऱ्या वेळी अमित रेषेच्या १० मीटर मागून सुटला. दोघांचा वेग पहिल्याइतकाच. कोण जिंकेल?

‘बरोबरी होईल’ हे उत्तर चटकन सुचते, पण ते चूक आहे. अमितचे १०० मीटर होतात, तेव्हा सुमितचे ९० होतात. म्हणजे दोघे अंतिम रेषेच्या १० मीटर अलीकडे एकत्र येतात. उरलेल्या १० मीटरमध्ये पुढे कोण जाणार, यासाठी सूत्र कशाला हवे? त्या १० मीटरमध्ये सुमितचे ९ मीटर होतात आणि अमित १ मीटरने जिंकतो.

या गणितात सेकंद दिलेले नाहीत, ताशी किलोमीटरही नाहीत. वेळ सारखी असली की अंतरांचे गुणोत्तर तेच वेगांचे गुणोत्तर, एवढेच वापरले. क्लासमध्ये मात्र ५/१८ ने गुणायचे की १८/५ ने, यावरच तास खर्ची पडतो. (ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर, इतके ध्यानात ठेवले तरी पुरे.)

सरासरी वेगाचा घोळ तर मैदानावरच महागात पडतो. सेकंदाला ५ मीटर वेगाने १६०० मीटरला ३२० सेकंद लागतात, म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी ८० सेकंदांत. आता एखाद्याने जोशात पहिल्या दोन फेऱ्या ६ मीटरच्या वेगाने मारल्या आणि दम लागून पुढच्या दोन ४ च्या वेगाने. सरासरी ५ वाटते. प्रत्यक्षात ती ४.८ येते, कारण संथ वेगात वेळ जास्त जातो. पहिल्या दोन फेऱ्यांत सुमारे २७ सेकंद वाचले, पुढच्या दोन फेऱ्यांत ४० गेले.