गुरुजी, आता कुठी दाबू?

दिवाळी झाली की आमच्या वाशीम जिल्ह्यात गावं जरा रिकामी होतात. सोयाबीन निघून गेलेलं असतं, तूर शेतात उभी असते, आणि मजुरीवर जगणाऱ्याच्या हाताला काम नसतं. तांड्यांवरची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. मागे राहतात त्यांत बाया आणि म्हातारी माणसं जास्त. अशाच दिवसांत मी मंगरुळपीर तालुक्यातल्या एका गावी जुन्या विद्यार्थिनीकडे गेलो होतो. आता तिचं वय पंचेचाळीसच्या पुढे. नवरा काही वर्षांपूर्वी गेला, मुलगा पुण्याकडे कामाला. तिने चहाचं आधण ठेवलं आणि माझ्या हातात मोबाईल दिला.

“गुरुजी, आता कुठी दाबू? हे पुढं सरकूनच नाही राह्यलं.”

ब्लाऊज कसा शिवायचा, याचा व्हिडिओ मधेच अडकला होता. जुनं शिवणयंत्र तिने कुणाकडून तरी विकत घेतलंय आणि शिवण शिकतेय ती या मोबाईलवर. मी इकडेतिकडे दाबून पाहिलं, तो सुरू झाला. (कसा, ते मलाही कळलं नाही!) नजर वर गेली तर भिंतीवर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी एक चौकट. मोबाईल वापरण्याचं प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, तिच्याच नावाचं. मी म्हटलं, “हे तर तू शिकली आहेस ना?” ती हसली. “दोन दिवस बसवलं जी. परीक्षा त्या पोरानंच देल्ली माही.”

शिबीर कुणाचं होतं ते मी विचारलं नाही, आणि इथे सांगण्यात काही अर्थही नाही. पण ती चौकट काही डोळ्यांसमोरून जाईना.

घरी आल्यावर पुण्याच्या भाच्याशी फोनवर बोलणं झालं. तो कॉम्प्युटरच्या क्षेत्रातला. म्हणाला, “मामा, २०१६ मध्ये जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झालाय. आता खेड्यातल्या माणसाला काम शिकवायला केंद्र, इमारत, मास्तर कशाला पाहिजे? सगळं फोनवर आहे.” मी तेव्हा गप्प बसलो. मास्तर कशाला पाहिजे, हा प्रश्न एका निवृत्त मास्तराला विचारल्यावर तो काय बोलणार! पण नंतर बरेच दिवस डोक्यात तेच घोळत राहिलं, म्हणून आज लिहायला बसलो.

आधी भाच्याच्या बाजूचं बोलतो, कारण त्याचं अर्धं म्हणणं मला पटतं. मोठ्या माणसाला शिकताना सगळ्यात जास्त आडवी येते ती लाज. वर्गात दुसऱ्यांदा विचारलं तर शेजारची सून हसेल, ही भीती. मोबाईल हसत नाही. तेच वाक्य दहा वेळा ऐकवतो, रात्री भांडी घासून झाल्यावर ऐकवतो, आणि “काल सांगितलं होतं ना?” असं म्हणत नाही. आमच्यातल्या कित्येक मास्तरांना हे आयुष्यभर जमलं नाही, मलाही नेहमी जमलं नाही.

याचं एक चांगलं उदाहरण आशाताईंच्या प्रशिक्षणाचं आहे. ‘मोबाईल अकॅडमी’ नावाचा अभ्यासक्रम २०१२ मध्ये बिहारात सुरू झाला आणि २०१६ पासून केंद्राच्या आरोग्य खात्याने तो इतर राज्यांत नेला. त्याला महागडा फोन लागत नाही. साध्या बटणाच्या फोनवरून नंबर लावायचा आणि ऐकायचं. एकूण २४० मिनिटं, ११ प्रकरणं, प्रत्येकात चार धडे आणि शेवटी प्रश्न. फोन मधेच ठेवावा लागला तर पुढच्या वेळी तिथूनच सुरू. ज्याने कुणी हे आखलं त्याने मूल कडेवर घेऊन शिकणारी बाई डोळ्यांसमोर ठेवली होती, हे उघड दिसतं. आणि इथे एक गोष्ट विसरू नका. आशाताईंच्या मागे आरोग्य केंद्र आहे, नर्सबाई आहेत, महिन्याची बैठक आहे. फोनवर ऐकलेलं अडलं तर विचारायला माणूस आहे.

आता माझ्या विद्यार्थिनीकडे परत येतो. तिच्या ब्लाऊजची गंमत अशी, की उजवी बाही नीट बसायची आणि डावी मुंढ्यात ओढायची, चुण्या पडायच्या. तिने तो व्हिडिओ पंधरा-वीस वेळा पाहिला, दोन-तीन ब्लाऊज उसवले. व्हिडिओतल्या बाईंचं सगळं बरोबर होतं, हिचंही सगळं त्यांच्यासारखंच होतं, तरी डावी बाही काही बसेना. शेवटी ती गावातल्या म्हाताऱ्या शिंपीकाकांकडे गेली. त्यांनी ब्लाऊज उलटा केला, बाही चिमटीत धरली आणि म्हणाले, “बाई, तुह्या दोन्ही बाह्या उजव्याच हायेत.”

झालं होतं असं. बाहीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा जरा खोल कापतात. कापड दुहेरी घडी करून कापलं की एक बाही उजवी आणि एक डावी आपोआप निघते. व्हिडिओत कापड दुहेरीच होतं. पण हिच्याकडे सरावाला नवीन कापड कुठलं? जुन्या लुगड्याचे तुकडे. ते घडीला पुरत नव्हते, म्हणून तिने एकेक बाही वेगळी कापली, दोन्ही वेळा कागदी नमुना त्याच बाजूने ठेवून. व्हिडिओ करणाऱ्या बाईंना हे सुचणं शक्य नव्हतं, कारण त्यांच्या टेबलावर दोन मीटर नवं कापड होतं. शिंपीकाकांना एका नजरेत कळलं, कारण चुकलेली बाही त्यांच्या हातात होती.

मला वाटतं, सगळा मुद्दा या एका बाहीत आहे. धडा दुरून येऊ शकतो, पण चूक दुरून दिसत नाही. आणि गरिबाच्या चुका त्याच्या गरिबीतूनच येतात. अपुरं कापड, अर्धवट वीज, उसनं यंत्र, दुसऱ्याचा फोन. त्या चुका धडा बनवणाऱ्याच्या स्वप्नातही येत नाहीत.

हे काही मी नव्याने सांगत नाही. आपल्याच महाराष्ट्रात त्याचा पुरावा साठ-सत्तर वर्षांपूर्वी मिळालेला आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. प्रत्येक गावात श्रोत्यांचा एक गट केला. आठवड्यातून दोनदा, असे शेती आणि गावकारभारावरचे वीस कार्यक्रम झाले. गटाने एकत्र बसून ऐकायचं, मग आपसात चर्चा करायची, आणि शंका आकाशवाणीकडे पाठवायच्या. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ यांनी त्याची पाहणी केली. गट असलेली गावं, रेडिओ असून गट नसलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं, अशी तुलना केली. गट असलेल्या गावांतल्या माणसांची माहिती भरपूर वाढली. रेडिओ होता पण गट नव्हता, तिथे वाढ थोडकीच.

म्हणजे पेटी तीच, आवाज तोच. फरक पडला तो भोवती बसलेल्या माणसांमुळे. पेटीच्या जागी आज मोबाईल आलाय, आणि मोबाईल तर एकट्याने पाहायची वस्तू.

उलट बाजूचा धडाही आपल्याकडेच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करायला सुरुवात केली, ते तुम्हाला आठवत असेल. पेपरात तेव्हा ‘मोबाईल वापसी’ म्हणून बातम्या होत्या. त्यांची तक्रार साधी होती. फोनची मेमरी कमी, तो तापतो, बंद पडतो, दुरुस्तीचा खर्च आमच्याच अंगावर, आणि पोषण ट्रॅकरमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागते. शहरात काही लोक म्हणाले, बायांना शिकायचंच नाही. मला तसं मुळीच वाटलं नाही. ज्या बाईने वीस वर्षं मराठीत रजिस्टर चोख लिहिलं, तिला इंग्रजी अक्षरांपुढे एका दिवसात अडाणी ठरवलं, याचा तो राग होता. पुढे अ‍ॅपमध्ये मराठीची सोय झाली. ती पहिल्या दिवसापासून असती तर?

आता जरा अवघड गोष्ट सांगतो. भिंतीवरची ती चौकट मला एवढी का टोचली, त्याचं खरं कारण.

२ ऑक्टोबर १९७८ ला देशात राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पंधरा ते पस्तीस वयाच्या निरक्षरांना शिकवायचं होतं. मी तरुण मास्तर, रात्रीचा वर्ग माझ्याकडे आला. कंदील, पाट्या, अंकलिप्या. दिवसभर निंदून आलेल्या बाया भिंतीला टेकून बसायच्या आणि ‘घ’पर्यंत जाईतो पेंगायच्या. पेरणीच्या दिवसांत वर्ग ओस. शेवटी अहवाल द्यायची वेळ आली, तेव्हा मी अकरा जणींच्या नावापुढे ‘साक्षर’ लिहिलं. त्यातल्या चौघींना फक्त सही येत होती. कुणी मला तसं लिहायला सांगितलं नव्हतं. रकाना होता, तो भरला. चार वर्षांनी त्या चौघींतली एक जण कर्जाची नोटीस घेऊन माझ्याच दारात आली. “गुरुजी, एवढं वाचून द्या.” माझ्या दप्तरात ती साक्षर होती.

म्हणून परीक्षा देणाऱ्या त्या पोरावर मला रागवता येत नाही. त्याने जे केलं ते मी आधीच करून बसलोय.

आपला जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. त्या यादीतल्या गुणांत आर्थिक समावेशन आणि कौशल्य विकास यांना मिळून दहा टक्के. कौशल्याचं मोजमाप बरंचसं प्रमाणपत्रांवरून, तेही पंधरा ते एकोणतीस वयाच्या तरुणांचं. माझी विद्यार्थिनी त्या हिशेबात कुठेच नाही. आणि फोनचं म्हणाल, तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरांतल्या चोपन्नच स्त्रियांनी सांगितलं की स्वतः वापरायला मोबाईल आहे. खेड्यात त्याहून कमी. हिचाही पहिला फोन मुलाबरोबर पुण्याला गेला होता. तो गेला त्या दिवशी तिची शाळा सुटली.

तेव्हा भाचेबुवा, माझं उत्तर असं. फोनवरून काम जरूर शिकवा. पण जो पैसा इमारत वाचवून उरतो, त्यातला थोडा शिंपीकाकांना द्या. प्रत्येक गावात असा एखादा शिंपी, गवंडी, वायरमन असतोच. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याच्या ओट्यावर पाच-सहा जणांनी आपला फोन आणि आपली चुकलेली वस्तू घेऊन बसावं, आणि त्याला त्याचं मानधन मिळावं. धडे बोलक्या मराठीत असू द्या, तांड्यावर गोरमाटीत. आणि परीक्षा पडद्यावर घेऊ नका. ब्लाऊज अंगात घालून पाहा. बाही बसली तर ती पास.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, बोलणं सोपं आहे. तेही खरंच. सध्या २०२२ ते २०२७ साठी ‘उल्लास’ नावाचा साक्षरतेचा कार्यक्रम चालू आहे. अक्षरओळखीबरोबर व्यवसायकौशल्यही त्यात धरलंय. स्वयंसेवकाने अ‍ॅपवर नाव नोंदवायचं असतं. नातीच्या मदतीने मी ते नोंदवलंय. (“आजोबा, तिथे नाही, इथे दाबा” हे दहा वेळा ऐकून!) दोघी जणी माझ्याकडे यायला तयार आहेत. एकीला वीजबिल वाचायचंय, दुसरीला शिवणाची मापं लिहून ठेवायची आहेत. वेळ लागेल. पण या वेळी जिला वाचता येत नाही तिच्या नावापुढे मी खूण करणार नाही, एवढं मी स्वतःशी ठरवलंय.

तिचा डाव्या बाहीचा ब्लाऊज आता बसतो. गावातल्याच दोघींचे तिने शिवून दिले, पहिल्यांदाच पैसे घेऊन. शिंपीकाकांना मात्र अजून कुणी काही दिलेलं नाही. त्यांचं वय माझ्याएवढंच आहे, आणि त्यांच्यामागे ते दुकान चालवायला कुणी नाही.

तुमच्या गावाकडे असं कुणी असेल तर जरूर लिहा. असो.