डिक्शनरी कुणाच्या बापाची?

इंग्रजीच्या वाटेला जाऊ नका असं आम्हाला सांगणारे दोन जातीचे लोक आहेत. पहिले व्यासपीठावरचे. २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा यांनी पेढे वाटले, मायबोलीच्या नावानं गळे काढले आणि दुसऱ्या दिवशी नातवाच्या गळ्यात टाय बांधून त्याला कॉन्व्हेंटच्या बसमध्ये चढवलं. मराठी जगवायची आम्ही, इंग्रजीची मलई खायची यांनी. दुसरे आमच्यातलेच. जयंतीला डीजेसमोर छाती फुटेस्तोवर नाचतात आणि कुणी पुस्तक काढलं की म्हणतात, काय रे, साहेब व्हायचंय का तुला? अरे, चौकात ज्याच्या पुतळ्याला हार घातलास त्याच्या हातात पुस्तक आहे. १९१६ साली न्यूयॉर्कला त्यानं जातीवरचा निबंध वाचला तो इंग्रजीत. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बोलावून मग तोंड फिरवलं, तेव्हा जे भाषण त्यानं स्वतःच्या खर्चानं छापलं तेही इंग्रजीत. शाळेत त्याला संस्कृत नाकारलं म्हणून तो फारशी शिकला. इंग्रजी मात्र कुणाला नाकारता आली नाही, कारण डिक्शनरीला विटाळ होत नाही.

या दोघांपेक्षा डेंजर तिसरा. तो इंग्रजी नको म्हणत नाही. तो ती विकतो. शांपूच्या पुडीसारखी.

आमच्या वस्तीच्या तोंडावर असा एक क्लास आहे. तीस दिवसांत हजार शब्द. आमची पोरं घरची भांडी गहाण टाकून फी भरतात. त्यांच्या हातात झेरॉक्स पडतात. डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला अर्थ. युबिक्विटस म्हणजे सर्वत्र असणारा. लोक्वेशियस म्हणजे बडबड्या. ग्रिगेरियस म्हणजे कळपात रमणारा. पोर घोकतं. परीक्षेत गोल काळे करतं. महिन्यानं विचारा, शंभरातले दहा नाहीत. राहतील कसे? शब्द एकटा काम करत नाही. आमच्याकडे हॅचवर एकटा माणूस उभा करून बघा काय उचलतो ते. शब्द गँगमध्ये काम करतो. मागचा त्याला ढकलतो, पुढचा त्याला ओढतो, तेव्हा माल हलतो. ती गँग पुस्तकात असते. झेरॉक्समध्ये हजेरीपट असतो नुसता.

त्या ग्रिगेरियसचंच बघा. मुळात लॅटिनमध्ये ग्रेक्स म्हणजे कळप. क्लासवाला एवढं सांगतो आणि पुढच्या शब्दावर उडी मारतो. पण अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याचं एक पुस्तक वाचताना मला पानापानावर सेग्रिगेशन भेटत होता. वेगळी शाळा, वेगळा नळ, बसमध्ये मागची जागा. डिक्शनरी उघडली तर आत तोच कळप. से म्हणजे वेगळं. कळपातून वेगळं काढणं. च्यायला! माझी आजी आयुष्यभर वेशीबाहेर राहिली आणि तिच्या पत्त्याला लॅटिनमध्ये शब्द होता. हा शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही. क्लासवाल्याच्या यादीत मात्र पहिला भाऊ आहे, दुसरा नाही. कळपात रमणारा चालतो त्यांना. कळपातून हाकललेला नको.

मी गोदीत काम करतो. मॅट्रिक पास. इंग्रजीत ढकलून पस्तीस. पण कोण म्हणतं गोदीच्या माणसाला इंग्रजी येत नाही? हॅच, विंच, स्लिंग, टॅली, लॅशिंग. डेमरेज तर आमचं शेंबडं पोरही बोलतं: माल वेळेत उचलला नाही की दंड. मग एका जुन्या निकालपत्रात वाक्य भेटलं, अमक्यानं डेमर केलं. थांबलो. डेमरेज म्हणजे अडकून पडल्याचा दंड, तर डेमर म्हणजे माणूस अडला, कां-कूं करून थांबला. डिक्शनरीनं मान डोलावली. तसाच मॅनिफेस्ट. बोटीत काय काय माल आहे त्याची उघड यादी. १९७३ साली दलित पँथरनं काढला तो जाहीरनामा, मॅनिफेस्टो, त्याच घराण्यातला. पोटात आहे ते उघड करून दाखवणं. कस्टमवाल्याला बोट दाखवते, पँथरनं देशाला दाखवलं.

आणि कॅज्युअल. पांढरपेशाला विचारा, म्हणेल कॅज्युअल लीव्ह, कॅज्युअल शूज. आमच्याकडे कॅज्युअल म्हणजे ज्याचं नाव मस्टरवर नाही तो. आला तर आला, मेला तर मेला. गोदीचा एक जुना इंग्रजी अहवाल वाचताना डीकॅज्युअलायझेशन हा आगगाडीएवढा शब्द समोर आला. डबे सोडवत गेलो. कॅज्युअलपणा काढून टाकणं. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला तो यासाठी, की पहाटे गेटवर गुरासारखी माणसं निवडून घेणं बंद व्हावं. मग बोर्ड आलं, नोंदणी आली, हजेरीचा पगार आला. १९९४ साली मुंबईचं ते बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. आणि आज मी, पंचविशीतला गडी, ठेकेदाराच्या माणसापुढे पहाटे उभा असतो. त्या एका शब्दानं मला सांगितलं की माझी ही गत म्हणजे नशीब नाही. एकदा मोडून काढलेली गोष्ट पुन्हा बसवली आहे. हे मला युनियनच्या भाषणात कळलं नव्हतं.

आता बोटांची गोष्ट. आमच्या गँगमधल्या एका मामांची दोन बोटं लॅशिंगच्या रॉडखाली चेचली. ठेकेदाराच्या माणसानं दवाखान्यातच कागद आणला. इंग्रजी. रक्कम बरी दिसत होती, मामांनी अंगठा शाईत बुडवला होता. कागदावर दोन शब्द होते, एक्स ग्रेशिया. हे शब्द मला पेपरात भेटलेले. रेल्वे घसरली, पूल पडला, आग लागली की दुसऱ्या दिवशी भेटायचे. दर वेळी मंत्री जाहीर करायचा. कोर्टानं दिलं असं कधी नसायचं. चार-पाच वेळा वाचल्यावर वास आला की हे देणाऱ्याच्या मर्जीचं दिसतंय. डिक्शनरीत तेच निघालं: कृपेनं, देणं लागत नसताना दिलेलं. म्हणजे मामांची बोटं कंपनीच्या कामात गेली आणि कागद म्हणतो आम्ही काही देणं लागत नाही, ही दया आहे. अरे, १९२३ च्या कायद्यापासून कामावर मोडलेल्या अंगाची भरपाई हा कामगाराचा हक्क आहे! भरपाई आणि दया या दोन शब्दांमधल्या फटीत मामांची दोन बोटं पडली होती. अंगठा पुसला. केस चालू आहे, तारखा पडताहेत. ठेकेदाराचा माणूस मला आता प्रोफेसर म्हणतो आणि पाळी देताना मुद्दाम मागे ठेवतो. ठेव लेका.

या शब्दाला क्लासवाले अॅडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी म्हणतात. कुणासाठी अॅडव्हान्स्ड? ज्याच्या विरुद्ध तो वापरला जातो त्याला तो पहिल्या इयत्तेत लागतो.

ज्यांच्याकडून पँथर हे नाव आलं त्या अमेरिकेतल्या काळ्यांचा एक पूर्वज होता, फ्रेडरिक डग्लस. मेरीलँडमधला गुलाम. बाल्टिमोरला मालकिणीनं त्याला एबीसी शिकवायला घेतली तर मालक कडाडला, वाचायला शिकला तर हा गुलाम राहायचा नाही. पोरानं ऐकलं आणि कळायचं ते कळला. घरातली भाकरी खिशात घालून रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना द्यायचा, बदल्यात अक्षरं घ्यायचा. जहाजं बांधायच्या धक्क्यावर सुतार लाकडावर खूण करायचे, डाव्या बाजूच्या फळीला एल, उजव्या बाजूच्या फळीला एस. ती बघून हा लिहायला शिकला. धक्क्यावर, दोस्तांनो! आमच्यासारख्याच धक्क्यावर. त्याच्या कानावर एक शब्द यायचा, अॅबॉलिशन. गुलाम पळाला, मालकाला मारलं, गोठा जाळला की गोरे म्हणायचे, हे अॅबॉलिशनचं फळ. डिक्शनरी पाहिली तर त्यात एवढंच की अॅबॉलिश करणं म्हणजे अॅबॉलिशन. काय अॅबॉलिश करायचं? डिक्शनरी गप्प. विचारायची सोय नाही, विचारलं तर चाबूक. मग त्याच्या हाती एक वर्तमानपत्र पडलं. त्यात बातमी होती की गुलामगिरी बंद करा असे अर्ज उत्तरेतून काँग्रेसकडे जाताहेत. तेव्हा शब्द उघडला. १८३८ साली तो पळाला आणि १८४५ साली आपली कहाणी त्याच मालकांच्या इंग्रजीत छापली.

आता कुणी शहाणा म्हणेल, माल्कम एक्सनं तुरुंगात अख्खी डिक्शनरी उतरवून काढली, त्याचं काय? उतरवली. पण का? हातात घेतलेल्या पुस्तकात ओळीओळीला अनोळखी शब्द आडवे येत होते म्हणून. पुस्तक आधी, डिक्शनरी मागाहून. आणि उतरवून झाल्यावर तो पुन्हा पुस्तकांकडेच गेला, दिवे बंद झाल्यावर बाहेरच्या बोळातल्या उजेडात वाचत बसला. क्लासमध्ये जाऊन गोल काळे केले नाहीत त्यानं.

अडचण खरी आहे, ती लपवत नाही. हू आणि पॉल नेशन या अभ्यासकांनी २००० साली दाखवलं की कुणाच्या मदतीशिवाय पुस्तक नीट समजायचं तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात. आमचे सत्तर असतात नसतात. म्हणून आमची पोरं तिसऱ्या ओळीत पुस्तक मिटतात आणि क्लासवाल्याचं फावतं. पण आमच्याकडे एक भांडवल आहे, ते कॉन्व्हेंटच्या पोराकडे नाही. बाबासाहेब काय म्हणाले ते आम्ही पाळण्यात ऐकलंय. भीमगीतात ऐकलंय, आईच्या तोंडून ऐकलंय. अर्थ आधीच आमच्या पोटात आहे, शब्द तेवढा बाहेर आहे. मराठी भाषांतर डाव्या मांडीवर घ्या, इंग्रजी उजव्या. सरकारनं १९७९ साली काढलेला पहिला खंड आता मोबाइलवर फुकट मिळतो. तेवढ्या मोबाइलवर तू रात्री काय बघतोस ते मी विचारत नाही. दिवसाला एक पान. प्रत्येक शब्द उकरू नका, तिसऱ्यांदा आडवा आला की मग डिक्शनरीत धरा, आणि वहीत उतरवताना अख्खं वाक्य उतरवा. नुसता शब्द उतरवलात तर ती पुन्हा झेरॉक्सच.

आमच्या विहाराच्या ओट्यावर रविवारी संध्याकाळी सात-आठ जण बसतो. गेल्या रविवारी १९३६ च्या त्या भाषणात एका शब्दावर गाडी अडली. एंडॉस्मॉसिस. आदर्श समाज कसा असावा ते सांगताना बाबासाहेबांनी तो वापरलाय. सगळे गार. बारावी सायन्सची एक पोरगी उठली, घरातून वाटीभर पाणी आणि चार मनुका घेऊन आली. मनुका पाण्यात टाकल्या, म्हणाली, थांबा. तासाभरानं मनुका टम्म फुगल्या. साल फाटलं नव्हतं, पाणी सालीतून आत गेलं होतं. मग ते वाक्य पुन्हा वाचलं. एक म्हातारा कोपऱ्यात बसलेला, त्याला एबीसी येत नाही, तो म्हणाला, मग गावात पाणी आत का गेलं नाही रं इतकी वर्षं?

त्यावर रात्री अकरापर्यंत भांडण झालं. पान तिथंच राहिलंय. येत्या रविवारी तिथून पुढे. ज्याला यायचं त्यानं वही आणावी, आणि क्लासवाल्यालाही निरोप द्यावा.