जीवशास्त्र शिकलेल्या आमच्या मुलांना वाट कोण दाखवणार?

डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या धाराशिव जिल्ह्यात, येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून तो शेकडो मैल चालत आला होता. त्याच्या मागावर वनखात्याची पथके आली, वन्यजीव अभ्यासक आले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. त्या अभ्यासकांत आमच्या वस्तीतला एखादा तरी होता काय, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. आम्ही तो विचारतो आहोत.

लोहारा तालुक्यातून आमची मुले-मुली आज बी.एस्सी.ला जातात. वनस्पतीशास्त्र, प्राणिशास्त्र घेतात, पास होतात. पुढे काय? बी.एड., पोलीस भरती, तलाठ्याची परीक्षा; नाहीतर पुण्याच्या कारखान्यात कंत्राटी काम. यात कमीपणा नाही, घर चालवायचे असते. पण याच पदवीवर भारतीय वन सेवेची परीक्षा देता येते, राज्य लोकसेवा आयोगामार्फत वनक्षेत्रपाल होता येते. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात वन्यजीवशास्त्राची एम.एस्सी. करता येते. देशातील तीन विज्ञान अकादम्या पदवीच्या मुलांना उन्हाळ्यात दोन महिने विद्यावेतन देऊन शास्त्रज्ञांकडे पाठवतात. प्रस्थापितांच्या घरात हे सांगायला काका असतो, मामा असतो, शेजारचा प्रोफेसर असतो. आमच्या मुलाला हे कळते तेव्हा अर्जाची तारीख उलटून गेलेली असते.

कुणी म्हणेल, पोटापाण्याचे प्रश्न पेटलेले असताना ही पशुपक्ष्यांची चैन कशाला? आमचे उत्तर गायरानात आहे. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, त्यात मराठवाडा जेलमध्ये गेला. त्या लढ्यातून जे गायरान कसले गेले, त्यावर आजही हजारो कुटुंबे जगतात. २०२२ मध्ये गायरानावरील अतिक्रमणांचा विषय उच्च न्यायालयात आला आणि राज्यभर नोटिसांनी घराघरांत धडकी भरली. दुसरीकडे, गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, लांडगा, काळवीट, माळढोक यांचे ते घर आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. तेही खरे आहे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झाले, तरी तो पक्षी आज तिथून जवळपास नाहीसा झाला. माळही वाचला पाहिजे आणि माळावर कसणारा भूमिहीनही. पण ज्याला फक्त गवत मोजता येते तो आपल्या अहवालात आमच्या माणसाला एका शब्दात निकालात काढणार: अतिक्रमण. गवतही ओळखणारा आणि सात-बाराही वाचणारा जीवशास्त्रज्ञ आम्हाला हवा आहे. तो आमच्याच घरातून निघेल.

गिधाडांचेच पाहा. मेलेली ढोरे ओढण्याचे काम गावगाड्याने आमच्या बापजाद्यांवर लादले. बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले आणि समाजाने सोडले. पुढे गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली, तेव्हा जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने ती मरतात हे २००४ मध्ये संशोधनातून सिद्ध झाले आणि २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. गावाबाहेर ढोर कुठे पडते, कोण फाडते, कोण खाते हे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी पाहिले, त्यांची नातवंडे या अभ्यासात किती दिसतात? ज्ञान आमच्या अंगावरून गेले, पदव्या दुसऱ्यांच्या नावावर लागल्या.

बाबासाहेबांच्या आयुष्यातही वाट दाखवणारे होते. केळुसकर गुरुजींनी त्या विद्यार्थ्याला हेरले, पुस्तके दिली, सयाजीराव महाराजांपर्यंत नेले. त्या शिष्यवृत्तीची पुढची पायरी १९१३ चे कोलंबिया विद्यापीठ. बुद्धी बाबासाहेबांची होती, पण दार कुठे आहे हे कुणीतरी दाखवावे लागले. १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय काढून त्यांनी हेच काम मराठवाड्यासाठी केले. अमेरिकेत तिथली पर्यावरणशास्त्रज्ञांची संघटना १९९६ पासून कृष्णवर्णीय आणि इतर वंचित पदवी विद्यार्थ्यांना हेरून ज्येष्ठ संशोधकांशी जोडून देते. आपण का थांबलो आहोत?

शासनाच्या अधिछात्रवृत्तीसाठी लढलेच पाहिजे. बार्टीच्या संशोधकांना २०२३ मध्ये आझाद मैदानावर बसावे लागले, हे आम्ही विसरलेलो नाही. पण ती पीएच.डी.ची गोष्ट झाली. आमची गळती त्याच्या कितीतरी आधी, बी.एस्सी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात होते. म्हणून विद्यापीठात, वनखात्यात, शेतकी महाविद्यालयात नोकरीला लागलेल्या प्रत्येक समाजबांधवाने दोन विद्यार्थी दत्तक घ्यावेत. पैशाने नव्हे, वेळेने. शास्त्रज्ञाला पत्र कसे लिहायचे, इंग्रजीतला शोधनिबंध कसा वाचायचा, मुलाखतीला काय विचारतात, हे महिन्यातून एकदा बसून सांगावे. मुलींच्या बाबतीत आणखी एक काम: रानात, माळावर अभ्यासाला पाठवायला आईबाप कचरतात. त्यांच्याशी घरी जाऊन बोलणारी शिकलेली ताई हवी.

सराव गावातच होऊ शकतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही आणली. २००४ च्या नियमांनी समितीत अनुसूचित जाती-जमातींना किमान १८ टक्के जागा ठेवल्या. हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि राज्याराज्यांत नोंदवह्या घाईघाईने भरल्या गेल्या. लोहारा तालुक्यातल्या आमच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावची नोंदवही ग्रामसेवकाकडे मागावी, ओढ्याकाठी, गायरानात फिरून ती ताडून पाहावी, वस्तीतल्या म्हाताऱ्यांना माहीत असलेल्या आणि वहीत नसलेल्या वनस्पती नावानिशी लिहाव्यात. समितीत आमचे कोण आहे, तेही विचारावे. असे एक वर्षाचे काम अर्जासोबत जोडता येते, आणि तो अर्ज लोहाऱ्याचा की पुण्याचा हे मग कुणी विचारत नाही.

राहिला खर्च. एस.टी.चे भाडे, एक दुर्बीण, दोन पुस्तके. जयंतीला डी.जे.वर जे उडते त्याच्या दहाव्या हिश्शात तालुक्याची सोय होईल. अकादम्यांच्या उन्हाळी योजनेचे अर्ज हिवाळ्यातच भरावे लागतात, तेव्हा मुलांची यादी दिवाळीच्या आत झाली पाहिजे.